शेऱ्याचा रकाना

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा ठेवायला जाणारी. दिवा गेला तर आधी फ्यूज बघावा, एवढीच माझी श्रद्धा. त्यात रत्नागिरीत एमएस्सी कॉम्प्युटर, विषय अ‍ॅडव्हान्स्ड डेटाबेस... तरीही लिहितेय, कारण हे घडलं माझ्याच डेटाबेसमध्ये.

बाबांची नाटे बंदरात लहानशी होडी होती. माझं प्रोजेक्ट म्हणजे त्यांच्या रोजच्या मासळीची नोंद — तारीख, मासा, वजन, शेरा. बाबा मोबाईलवरून भरायचे. पण शेऱ्यात लिहायचे, "बांगडे बरे गावले. जेवलंस काय गो?" रोज! हॉस्टेलवरची लेक हे वाचते, एवढंच त्यांना कळलेलं.

एकदा सरांनी ते वर्गात मोठ्याने वाचलं. "हा डेटा आहे की पत्रव्यवहार?" सगळे खो-खो हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच संध्याकाळी मी जुने शेरे पुसले आणि नियम घातला — चांगलं, मध्यम, वाईट, यांपैकी एकच शब्द. दुसरं काही लिहिलं तर डेटाबेस घेणारच नाही.

बाबांचा फोन आला. "अगो, माझा लिवलेला घेत नाय ता."

"बाबा, तिथे गप्पा नाही मारायच्या. तिनातला एक शब्द निवडायचा."

"बरां," म्हणाले.

मग रोज 'चांगलं'. जाळं रिकामं आलं तरी चांगलंच.

दोन महिन्यांनी बाबा गेले. होडी किनाऱ्याला लावता लावता हार्ट अटॅक. त्यांनी लिहिलेलं काहीतरी वाचावं म्हणून मी प्रोजेक्ट उघडलं, तर नुसतं चांगलं, चांगलं, चांगलं... बाकीचं मीच पुसलेलं. बॅकअपसुद्धा नाही, आणि म्हणे डेटाबेस शिकते! त्या दिवशी मी फार रडले.

तोंडी परीक्षा पुढच्या महिन्यात होती. दुपारचे दोन. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम म्हणाल्या, "शेवटच्या पाच नोंदी दाखव." दाखवल्या. सगळ्यात वर त्याच दिवसाची तारीख. मासा रिकामा, वजन रिकामं. शेरा — "जेवलंस काय गो?"

"तुझा नियम चालत नाही वाटतं," मॅडम म्हणाल्या.

मी तेच शब्द स्वतः भरून पाहिले. एरर. परत भरले, परत एरर. सरांनी लॉग तपासला, तर ती ओळ कुणी घातल्याची खूणच नाही. बाबांचा मोबाईल आईच्या कपाटात, बंद. कुणी थट्टा केली म्हणावी, तर नियम सगळ्यांनाच अडवतो.

सकाळपासून मी खरंच जेवले नव्हते.

मॅडमनी ती नोंद काढायला सांगितली. मी नाही काढली. मार्क गेले, जाऊ देत. ती ओळ आली कुठून, हे सरांना सांगता आलं नाही आणि मलाही येत नाही.

नियम मात्र मी त्याच दिवशी काढून टाकला. आता रोज दुपारी त्या रकान्यात लिहिते, "जेवले, बाबा." त्यांची अजून दुसरी ओळ आलेली नाही.