फुगे, गोधड्या आणि शेवटची रांग

आवाज मोजणाऱ्यांकडे किस्से फार साठतात, कारण मोजताना बोलायचं नसतं. त्या क्षणी ओठांवर आलेलं आत जाऊन मुरतं आणि मग चहाच्या वेळी एकदम बाहेर येतं. आम्ही मोजणारे दोघंच. मी, फिजिक्सची बी.एस्सी., आणि उंद्रीचे प्रमोदभाऊ, लग्नाकार्यात साउंड लावणारे. आई काही मोजत नाही, पण सुरुवात तिच्यामुळेच झाली.

आई अंगणवाडीत शिकवते आणि वर्षावासाच्या, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासूनच्या तीन महिन्यांत रोज संध्याकाळी बौद्ध विहारात धम्मग्रंथ वाचते. आवाज बारीक, पण शब्दन् शब्द स्वच्छ. जुन्या, टिनाच्या विहारात तो शेवटपर्यंत पोचायचा. मग नवा हॉल झाला. वर स्लॅब, खाली चकचकीत फरशी, गुळगुळीत भिंती. एक शब्द भिंतीवरून परत येईस्तोवर आईचा दुसरा निघालेला! दुसऱ्या रांगेच्या मागे नुसती गुणगुण. प्रमोदभाऊंनी मोठे बॉक्स लावले, तर गुणगुण मोठी झाली. शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसणारे रामदासबाबा तेवढे प्रत्येक वाक्याला मान डोलवायचे. आईला तोच एक आधार.

अशी दोन वर्षं गेली आणि आई म्हणाली, "यंदा मी नाही वाचत. लोक माह्यासाठी बसून राह्यले, ग्रंथासाठी नाही."

वर्षावासाला दोन महिने होते. मी फोनला लावायचा, मोजमापाचा माइक मागवला.

* * *

माइक बोटाएवढा. असा प्रत्येक माइक कोणते आवाज कमी ऐकतो, कोणते जास्त, याची त्याच्या नंबराची वेगळी फाइल येते. ती ॲपमध्ये घातली की फोन खरं बोलायला लागतो. मी ती फाइल उतरवून घेत होते, तेवढ्यात प्रमोदभाऊंनी माइकला कुंकू लावलं. नवी वस्तू दुकानात आली की ते लावतातच, ॲम्प्लिफायर असो की एक्स्टेन्शन बोर्ड. लावायचं कुठे, तर कपाळावर. आणि माइकचं कपाळ म्हणजे त्याची जाळी!

मला पत्ताच नाही. पहिल्या मोजणीत हॉलमधले बारीक, वरचे आवाज जवळजवळ नव्हतेच. दोन दिवस मी तरंगत होते, हॉल काही एवढा वाईट नाही म्हणून. तिसऱ्या दिवशी सहज शेतात मोजून पाहिलं, तर चिमण्याही गायब.

दुसरा माइक मागवावा लागला. भाऊ फार ओशाळले. "याले मी हातबी नाही लावत," म्हणाले. आणि खोक्याला कुंकू लावलं.

* * *

घुमणं मोजायला फुगा फोडतात. फट् झाल्यावर आवाज किती वेळ रेंगाळतो, ते फोन टिपतो. फुगा फोडायचं काम माझं, आणि मी तर कुकरच्या शिट्टीलाही दचकते. त्यामुळे प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये आधी फट् आणि मागोमाग "आई गं!"

दुपारी हेडफोन लावून मी ते ऐकत बसायचे. माझंच 'आई गं' एकेका भिंतीला हात लावत जायचं, विहिरीत पडलेल्या पानासारखं गोल फिरायचं, धूसर व्हायचं, आणि कुठे संपलं ते कळायचंच नाही. फोन म्हणायचा, साडेतीन सेकंद. मला ती अख्खी दुपार वाटायची.

शेवटी भाऊंनी मला बाहेर उभं केलं आणि फुगा स्वतः फोडला. मी बाहेरही दचकले. फोनने तेही पकडलं, जरा लांबून.

* * *

हात बसावा म्हणून आम्ही साखरखेर्ड्याच्या एका मंगल कार्यालयात गेलो होतो. तिथल्या मॅनेजरकाकांना सांगितलं की मिनिटभर पूर्ण शांतता लागेल, मग रिकाम्या खोलीचा स्वतःचा आवाज कळेल. काकांनी पंखे बंद केले, भांडी घासणाऱ्या बायकांना थांबवलं, स्वतः दारात उभे राहिले.

त्या मिनिटाच्या आलेखात एकच डोंगर आहे. तो काकांचा, "चूप ऱ्हा बे!"

* * *

फोनचं म्हणणं स्पष्ट होतं, भिंतींवर जाड, मऊ काहीतरी हवं. गल्लीत सांगितलं, घरटी एक गोधडी द्या. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये आल्या नव्याकोऱ्या चादरी! घड्या न मोडलेल्या, दोन-तीन चादरींवर तर दुकानाचं लेबल. विहारात फाटकी गोधडी कशी द्यायची, असं सगळ्यांना वाटलेलं. आम्ही चादरी टांगल्या, फुगा फोडला. साडेतीन सेकंद.

आता यांना तोंडावर कसं सांगायचं? आई घरी गेली आणि आमची सगळ्यात जुनी गोधडी घेऊन आली. तिच्या लग्नातल्या पातळाचे तुकडे, माझ्या शाळेचा निळा युनिफॉर्म, एका कोपऱ्यात मी लहानपणी सांडलेली शाई. ती तिने मागच्या भिंतीवर मधोमध टांगली.

"आमची अशी हाये. तुमची दाखवा."

दिवेलागणीपर्यंत भिंती भरल्या. अख्ख्या गल्लीची झोप तिथे टांगली होती. त्या हॉलमध्ये पाऊल टाकताच आवाज आपोआप खाली यायचा.

मी मोजलं. सव्वा सेकंद. धावत जाऊन आईला फोन दाखवला. ती म्हणाली, "फोनले काय समजते? एक दिवस वाचून पायते. मागं पोचलं नाही त ग्रंथ ठेवून देते."

* * *

आषाढी पौर्णिमेला हॉल भरला. मी फोन स्टँडवर लावून शेवटच्या रांगेत, रामदासबाबांच्या शेजारी बसले. आईने मागच्या वर्षी खूण घातलेलं पान उघडलं आणि वाचायला लागली.

एक पान झालं. बाबांची मान हलली नाही. दुसरं पान झालं. बाबा डोळे मोठे करून, एकदम ताठ बसलेले. आईने दोनदा मागे पाहिलं. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा तिचा आवाज कापला.

बाबांनी हात वर केला.

"बाई, थांबा जरा."

सगळे मागे वळले. आईने बोट ओळीवर ठेवलं.

बाबा म्हणाले, "पयल्या पानापासून घ्या. माह्यं दोन वर्साचं आयकाचं राह्यलं हाये."

आईने खूण काढून मांडीवर ठेवली आणि पानं मागे उलटायला लागली. शेवटच्या रांगेतल्या त्या रेकॉर्डिंगमध्ये ती पानं ऐकू येतात, एकेक.