आत्याचा राब

होळीनंतर थोड्याच दिवसांत आत्या गेली. फोन आला तेव्हा मी कर्जतला कॉलेजच्या वाचनालयात होते. आधी तिचा आवाज आठवला, चेहरा मागाहून... आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. वय, शिक्षण, कामधंदा यांवरून माणसाचं पर्यावरणाबद्दलचं मत ठरतं का, असा प्रकल्प मला मिळाला होता. गेल्या उन्हाळ्यात प्रश्न घेऊन आधी कडावला आत्याकडेच गेले. "वय किती लिहू?" "तुज्या बापाला कडेवर घेऊन फिरलेय, तेवढं लिही." "आणि जंगलाबद्दल काय वाटतं?" "मला काय वाटायचंय गं? त्यालाच इचार, मी कशी वाटते!"

तेव्हा घरात राबावरून धुसफूस चालली होती. भाताचं रोप टाकण्याआधी त्या जागेवर शेण, टहाळे, पालापाचोळा पसरून वर माती टाकायची आणि भाजायचं, म्हणजे रोपात तण माजत नाही, ही आमच्याकडची रीत. आत्याची सून, सुनीतावहिनी, बारावी झालेली, नेरळला औषधांच्या दुकानात कामाला. तिच्या लेकीला, चिऊला, धुराने धाप लागायची. "आई, औंदा राब नको," वहिनी म्हणाली. "मग तण काय तुजं दुकान उपटंल?" आत्या फणकारली. मला वाटलं, शिकलेली तरुण बाई धुराच्या विरुद्ध, न शिकलेली म्हातारी बाजूने, म्हणजे प्रकल्प सोपा आहे. पण दुसऱ्या दिवशी शेजारच्या राबाचा धूर आला, चिऊ आत्याच्या मांडीवर धापा टाकू लागली, आणि आत्याने स्वतःचा रचलेला राब न पेटवता तसाच राहू दिला. मग पावसात वाकून ती रोपातलं तण उपटत राहिली. तरी भात कमीच झालं.

मागच्या आठवड्यात कडावला गेले, तर राब रचलेला. रचणारी वहिनी! चिऊला तिने खालापूरला माहेरी धाडलं होतं. "तू तर नको म्हणायचीस ना?" मी चाचरत विचारलं. "अजूनबी नकोच वाटतो गं. पण तण उपटायला आई कुठं हायेत आता?"

वहिनीचं शिक्षण तेवढंच, वय वर्षाने वाढलेलं. घरातलं एक माणूस मात्र कमी झालं होतं... आणि घरात माणसं किती, हे मी कुणालाच विचारलं नव्हतं.

वहिनीने राब पेटवला. इतक्यात चिऊचा फोन आला. "आये, धूर गेला का? मी येऊ?"

"नाय गं बाय, आज नको," पदराने नाक झाकत वहिनी म्हणाली, "आजी रचायची तसाच रचलाय. लय सावकाश जळतोय."