डोंगरावरचा शेवटचा पंखा

राजश्री कधी विमानात बसली नव्हती. तरी लिंबागणेशच्या बाजूनं बालाघाटाची रांग ओलांडायची तर केव्हा उंची घ्यायची, पाटोद्याकडून ढग उतरले तर कुठून मागं फिरायचं, हे तिला पाठ होतं. दिवसभर ती बीडमध्ये मुलांना टायपिंग शिकवी. संध्याकाळी गावी परतली की आई, सिंधुबाई, चुलीपुढं भाकरी थापी आणि राजश्री तिच्याजवळच भिंतीला टेकून लॅपटॉपवर आपला जिल्हा बांधत बसे.

घरबसल्या विमान उडवण्याचं ते सॉफ्टवेअर कुणा एकाच्या मालकीचं नव्हतं. देशोदेशीचे लोक फावल्या वेळात, फुकट, मिळून ते लिहीत. ज्याला आपल्या गावचा डोंगर नीट दिसायला हवा, त्यानं तो स्वतः नीट करावा, अशी तिथली रीत. राजश्रीनं पहिल्यांदा ते उघडलं तेव्हा बीड म्हणजे नुसता तपकिरी पत्रा होता. मग तिनं त्यात बिंदुसरेचं तळं आणलं, मांजरसुंब्याच्या घाटाची वळणं आणली, गेवराईजवळची गोदावरी तिच्या उघड्या वाळूसकट आणली. लिंबागणेशवरचा डोंगर तिनं सगळ्यांत जीव लावून केला. त्याची प्रत्येक सोंड तिच्या पायाखालची होती.

आणि त्याच डोंगरानं तिला खाली पाहायला लावलं.

पुण्याच्या सौरभला दोन माणसांचं छोटं विमान भाड्यानं घेऊन लांब लांब जायचा छंद होता. खिडकीतून रस्ते, तळी, डोंगर ओळखत तो जाई, आणि निघण्याआधी सगळी वाट या सॉफ्टवेअरवर उडून बघे. पावसाळ्यात बारामतीहून नांदेडला जाऊन आल्यावर त्यानं तिला लिहिलं : ‘ताई, तुमच्या डोंगरावर पवनचक्क्यांची रांग आहे. तुम्ही केलेल्यात ती नाही. ढग खाली होते म्हणून मीही खाली होतो. वेळेत वळलो. चूक माझीच, खरा नकाशा मांडीवर होता. पण डोळ्याला मोकळ्या डोंगराची सवय झाली होती.’

खऱ्या उड्डाणासाठी यावर विसंबू नका, असं सॉफ्टवेअरच्या पहिल्याच पानावर होतं. राजश्रीला त्याचा आधार वाटला नाही. डोंगर तिनं केला होता. पंखे उभे राहिले तेव्हा ती रोज त्यांच्याखालून स्कूटीवर जात होती; आपला डोंगर मात्र तिनं लहानपणीचाच ठेवला होता.

तिनं घाईघाईनं सगळ्यांना माहीत असलेल्या एका कंपनीच्या नकाशावरून पंख्यांच्या जागा उचलल्या आणि पाठवून दिल्या. आलेलं काम तपासणारे नॉर्वेतले एक निवृत्त शिक्षक होते. त्यांनी सगळं परत केलं. तो नकाशा दुसऱ्याच्या मालकीचा. त्यातलं घेणं म्हणजे चोरी, आणि अडकणार सगळा प्रकल्प. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं होतं, ‘हे पंखे तुम्ही स्वतः जाऊन पाहिलेत का?’

तिचे कान तापले. तिनं लिहिलं, ‘नाही, नुसते रस्त्यावरून. जवळ जाऊन पाहून येते.’

नव्या आवृत्तीत भर घालायचं रविवारी बंद होणार होतं. चुकलं तर पुढली आवृत्ती वर्षानं, आणि तोवर जो कुणी इथून उडून बघेल त्याला डोंगर मोकळाच दिसणार. तिनं रजा टाकली. शाळेतले शिपाई असलेले वडील, ज्ञानोबा, छत्री घेऊन स्कूटीवर मागं बसले. एकेका पंख्याच्या बुंध्याशी जायचं, मोबाइलवरचे आकडे स्थिर होईस्तोवर थांबायचं, फोटो काढायचा, पुढं निघायचं. पंख्याखाली मोबाइल घेऊन उभा राहणारा माणूस म्हणजे पवनचक्की कंपनीकडून जमीन घ्यायला आलेला, हे आता गावोगावी ठरून गेलेलं. पारावर बसलेल्या सटवानं हटकलंच.

“काय ज्ञानोबा, पोरगी कंपनीत लागली व्हय?”

“न्हाई बा. इमानासाठी मोजती.”

“इमान? हितं उतरणार हाय?”

“उतरू न्हाई म्हणूनच मोजती,” ज्ञानोबा म्हणाले आणि त्यांनी छत्री उघडली.

शनिवारी एकच पंखा उरला. सोंडेच्या टोकावरचा, सगळ्यांत उंच. त्याच्याकडं जाणारी पायवाट सोंडेखाली राहणाऱ्या म्हाताऱ्या सुभद्राबाईंच्या अंगणातून वर चढायची आणि तिच्यावर बाभळीच्या काट्या ओढलेल्या होत्या. त्यांच्या दिरानं ती जागा कंपनीला दिली, त्या दिवसापासून.

“कंपनीची असशील तर आल्या वाटंनं जा,” सुभद्राबाई म्हणाल्या.

“न्हाई हो आजी. ज्ञानोबाची पोरगी मी.”

“मग त्या भुताशी तुजं काय काम?”

राजश्री सांगत बसली नाही. ओसरीवर बसून तिनं पिशवीतला लॅपटॉप उघडला आणि पडद्यावरचं विमान डोंगराकडं वळवलं. सुभद्राबाई आधी लांबूनच बघत होत्या. मग पुढं सरकल्या.

“ही तर आपली सोंड. अगं, पर माजी हीर कुटंय?”

“वरनं इतकी बारकी दिसत न्हाई आजी.”

“अन् मी?”

“तुमी तर त्याहून बारक्या.”

“लई शानी हायस. फिरव अजून एकदा.”

राजश्रीनं फिरवलं. सुभद्राबाईंनी पडद्याला न टेकवता बोट धरलं. “ह्या अंगानं शेळ्या चढायच्या. हितं सावलीला बसायचो आमी.” मग त्यांचा आवाज उतरला. “पोरी, खऱ्यातला डोंगर गेला त्यो गेला. तुज्यात तरी असाच ऱ्हाऊ दे.”

राजश्रीनं वर सोंडेच्या टोकाकडं पाहिलं. एक पंखा राहिला तर कुणाला कळणार होतं? खालूनच अंदाजानं लावला, तरी कोण तपासायला येणार होतं? पण हाच मोकळा डोंगर तिलाही हवा होता, आणि तेवढ्यापायीच तर सौरभ पंख्यांवर जाऊन आदळता आदळता राहिला होता.

“आजी, मी बी असाच ठिवला होता. एक माणूस त्या भरवशावर आला.”

“मग?”

“वाचला.”

तेवढ्यात ढगातून ऊन आलं. पात्याची लांब सावली अंगणातून सरकली आणि घार आली असं समजून कोंबड्या बाजेखाली पळाल्या. सावली फिरून आली, पुन्हा पळाल्या. सुभद्राबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या.

“ते जुनं पुसून टाकतीस का?”

“न्हाई. नवं लावलं तरी जुनं तसंच ऱ्हातंय. कुणीबी कवाबी उघडावं.”

“खरं?”

“खरं. ते तर मलाबी पुसता येत न्हाई.”

सुभद्राबाई उठल्या. काठीनं बाभळीच्या काट्या त्यांनी स्वतः बाजूला केल्या. ज्ञानोबा मदतीला गेले तर त्यांना म्हणाल्या, “सर तिकडं, तुला न्हाई जमायचं.” मग राजश्रीकडं वळून, “जा. लाव तुजं नवं. अन् जुनं दावायला येत जा.”

वर वारा इतका होता की ओढणी तोंडावर येत होती. राजश्री बुंध्याला पाठ लावून उभी राहिली. डोक्यावर पातं येई, घोंघावून जाई, दुसरं येई. मोबाइलवरचे आकडे हलत राहिले, मग थांबले.

रविवारी नॉर्वेहून पुन्हा तोच प्रश्न आला. तिनं लिहिलं, ‘हो. प्रत्येकाखाली उभी राहिले.’ संध्याकाळी काम घेतल्याचा निरोप आला. सिंधुबाई भाकरी थापत होत्या. राजश्रीनं बारामतीहून विमान उचललं. ढग तिनं मुद्दाम खाली ठेवले. सोंड जवळ आली, करड्या ढगात पांढरा बुंधा उगवला, आणि माउस धरलेला तिचा हात आपसूक मागं आला. विमानानं नाक वर केलं. पंखा विमानाच्या खालून निघून गेला.