टेबलावरचं टिश्यूचं पाकीट

वीस वर्षांनी सिंगापूरला आले. मी राहायचे ती इमारत पाडलेली, ओळखीचं कुणी उरलेलं नाही. पण खाऊगल्लीतल्या रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट मात्र तसंच! पहिल्या वेळी, कुणी विसरलं असेल म्हणून मी ते उचलून दुकानदाराला देऊन आले होते. जागा धरायची ही इथली रीत. आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतो ना, तशी. फक्त यावरून इथे भांडणं कशी होत नाहीत, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

आज मीही रुमाल ठेवून नूडल्स आणायला गेले. परतले तर टेबलं पुसणाऱ्या आजीबाई रुमालाच्या कडेकडेनं फडकं फिरवत होत्या.

"तुमचाच ना? बसा," म्हणाल्या.

वीस वर्षांपूर्वी निघताना या शहरात एखादा रुमाल ठेवून जायला हवा होता.