तुळस डोक्यावर, नजर समोर

मनमाडच्या बहिरू गांगुर्डेने नाकावर कधी माशी बसू दिलेली नाही. रेल्वेत कीमन होता गडी. खांद्यावर हातोडा टाकायचा, आपल्या हद्दीतले रूळ पायी पायी तपासत जायचं, कुठे रूळ धरून ठेवणारी चावी सैल दिसली की ठोकून बसवायची. सगळी नोकरी त्याने हेच केलं आणि मोठ्या ताठ्यात केलं. आपल्या हद्दीत गाडीला कधी साधा हिसका बसला नाही, हे तो आजही चहाच्या टपरीवर कोणी न विचारता सांगतो.

थंडीत रूळ आकसतो आणि तडकतो, म्हणून पौषात कीमनला रजा मिळत नाही. आणि त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची यात्रा भरते ती नेमकी पौषात! त्यामुळे वर्षानुवर्षं त्याची बायको साळूबाई दिंडीबरोबर एकटीच गेली. डोक्यावर घरच्या तुळशीचं पितळी वृंदावन, आणि जागा सगळ्यांत पुढे. बहिरू तिला फाटकापर्यंत सोडायचा आणि तसाच रुळावर जायचा. ती परत आली की दुसऱ्या दिवशी चुलीपुढे भाकरी थापत असायची. रस्ता कसा झाला, पाय दुखले का, हे विचारायचं त्याला कधी सुचलं नाही.

यंदा तो निवृत्त झाला. जोडीने जायचं ठरलं, आणि दिवाळीतच साळूबाईच्या गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी हातात काठी दिली. मारुतीच्या देवळात दिंडीची बैठक बसली, तेव्हा वीणेकरी सोमनाथ म्हणाला, "साळूबाईला काही आता जमायचं नाय. तुळस तिच्या मागं चालणाऱ्या रोहिणीकडं देऊ."

साळूबाईने डोळ्याला पदर लावला. ते बहिरूला बघवेना.

"तुळस माझ्या घरची हाय," तो उठून म्हणाला. "मी नेतो."

सगळं देऊळ हसलं. "अहो आप्पा, तुळस बाया घेतात!"

"कोणी सांगितलं? देवानं?"

सोमनाथने डोकं खाजवलं. "न्या बुवा. पण वाटेत पडली, तर तिथून पुढं रोहिणी घेईल. अन् पुढच्या सालापासून मान तिचाच."

झालं. आप्पा तर बोलून बसले.

साळूबाईने आपल्या जुन्या लुगड्याची चुंबळ करून दिली. ती डोक्यावर, तिच्यावर वृंदावन, कानाला मफलर, अशा थाटात स्वारी निघाली. वाटेतल्या गावांत पोरं मोबाईल काढून फोटो घेत होती. कोणी म्हणालं, "आप्पा, लुगडंही नेसायचं ना!" बहिरूने एकालाही उत्तर दिलं नाही. त्याची मान एवढी अवघडली होती की उत्तर द्यायला वळणंच शक्य नव्हतं.

पिंपळगावच्या अलीकडे मात्र घात होता होता राहिला. पहाट गारठ्याने नुसती बधिर झाली होती. द्राक्षबागांत शेकोट्या पेटवलेल्या, धूर जमिनीसरशी रेंगाळत होता. रस्ता धड दिसेना, तशी बहिरूची नजर जन्माच्या सवयीने खाली गेली, पायाखाली काही सैल आहे का बघायला. नजर गेली तशी मान गेली, आणि वृंदावन पुढे कललं. माती त्याच्या तोंडावर सांडली. त्याने दोन्ही हातांनी ते छातीशी धरलं, मागून रोहिणीने आधार दिला. पडलं नाही.

"आप्पा, खाली नका पाहू," रोहिणी हळूच म्हणाली.

"खाली न पाहता चालायचं कसं? ठेच लागंल ना!"

"मावशी कधीच खाली पाहत नव्हत्या. मी एकदा विचारलं, भीती नाय वाटत? तर म्हणाल्या, खाली पाहायला आमचे हे हायेत तिकडं रुळावर. त्यांच्या नजरेच्या भरवशावर एवढ्या गाड्या धावतात, मग मी कशाला भिऊ?"

चारचौघींत साळू आपल्याविषयी असं बोलत होती, आणि आपल्याला पत्ताच नव्हता! त्याला फार अभिमान वाटला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. त्याने चुंबळ नीट बसवली, तुळस डोक्यावर घेतली आणि मान वर केली.

ती मग त्र्यंबकपर्यंत खाली झाली नाही. ठेचा लागल्या, अंगठा फुटला, तरी नाही. नाशिक मागे पडलं, अंजनेरी मागे पडली. समोर ब्रह्मगिरी दिसला आणि त्याच्या पायथ्याच्या गर्दीत, एसटीने पुढे येऊन काठीवर उभी असलेली साळूबाईही त्याला लांबूनच दिसली.

मंदिरापर्यंतची शेवटची पावलं तुळस तिच्या डोक्यावर जाणार होती. दिंडीत तुळस या डोक्यावरून त्या डोक्यावर गेली की दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं असतं. तिथे वय बघत नाहीत, नातं बघत नाहीत. सोमनाथने वृंदावन उचलून साळूबाईच्या डोक्यावर ठेवलं. तिला काही वाकता येईना, तिने काठीसकट हात जोडले. आता पाळी बहिरूची होती. बायांनी तोंडाला पदर लावले. हा ताठ माणूस, स्वतःच्या बायकोच्या पाया पडतो की काय?

बहिरू वाकला आणि त्याने तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"अहो, हे काय! उठा, लोकं पाहतात."

"पाहू दे."

भेगाळलेल्या टाचा. वाकडी झालेली करंगळी. काळं पडलेलं नख. सगळा जन्म पायाखालचं तपासण्यात गेला, आणि हे पाय त्याने कधी धड पाहिले नव्हते. त्याच्या डोळ्यांतलं पाणी तिच्या पावलावर पडलं.

"उठलात का?" साळूबाईने विचारलं. डोक्यावर तुळस होती, तिची नजर समोर ब्रह्मगिरीवर होती.