कार्डाप्रमाणे बर्गर

वजनकाट्यावर पॅटी ठेवली. बावन्न ग्रॅम. दुसरी ठेवली, त्रेपन्न. तिसरी पुन्हा बावन्न. कार्डावर बावन्नच लिहिलेलं होतं.

सुरेशनाना शेजारी हात मागे बांधून उभे होते. परीक्षेच्या हॉलमध्ये सुपरवायझर उभा राहतो तसे. फरक इतकाच की परीक्षा त्यांची होती.

"तेल बघू," मी म्हटलं.

"बघा ना मॅडम. सकाळीच बदललंय. वहीत वेळ टाकलीय."

तेलात मी मीटर बुडवला. हा थर्मामीटरसारखा दिसतो, पण तापमानाबरोबर तेल किती खराब झालंय तेही सांगतो. पंचवीसच्या वर आकडा गेला की कायद्याने ते तेल फेकून द्यावं लागतं. नानांच्या कढईत आकडा आला नऊ. फ्रीजर उणे अठरा. पावांवर तारीख आजची. मेयोनीजची बाटली उघडल्याची वेळ बाटलीवर चिकटवलेली. तीही सुवाच्य अक्षरात.

दोन तास झाले होते आणि माझ्या चेकलिस्टवर एकही फुली नव्हती. मी मात्र फुल्या मारायलाच धुळ्याला आले होते.

आमची कंपनी काही फार मोठी नाही. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत मिळून चौदा आउटलेट. बर्गर, फ्राइज, रोल, कोल्ड कॉफी. जळगावच्या एमआयडीसीत सेंट्रल किचन आहे. तिथे पॅटी, म्हणजे बर्गरमधली टिक्की, तयार होते आणि गोठवून सगळीकडे जाते. आउटलेटवाल्याने ती तळायची, पावात भरायची आणि द्यायची. किती मिनिटं तळायची, किती सॉस घालायचा, सगळं रेसिपी कार्डावर असतं. ते कार्ड मी लिहिते. मी फूड टेक्नॉलॉजिस्ट आहे, क्वालिटीची जबाबदारी माझ्याकडे. कंपनीतली पोरं मला पाठीमागे 'ग्रॅम मॅडम' म्हणतात, हे मला माहीत आहे.

आदल्या दिवशी आमचे एमडी हेमंतशेठ यांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं. समोर तक्रारींचं प्रिंटआउट होतं.

"धुळ्याचा सुरेशनाना काहीतरी काटछाट करतोय," ते म्हणाले. "हे बघा. पॅटी लहान, बटाटा लागत नाही, बर्गर म्हणजे नुसता पाव. चौदा आउटलेटमध्ये निम्म्याहून जास्त तक्रारी एकट्या धुळ्याच्या. तुम्ही ऑडिट करा. तीन गंभीर चुका सापडल्या की अ‍ॅग्रीमेंट रद्द करता येतं."

"आणि नाही सापडल्या तर?"

"सापडतील," ते म्हणाले.

सुरेशनाना आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचे इन्स्ट्रक्टर होते. रिटायर झाल्यावर जे काही मिळालं ते त्यांनी या आउटलेटमध्ये घातलं. अ‍ॅग्रीमेंट रद्द होणं म्हणजे त्यांच्यासाठी काय, हे हेमंतशेठनाही ठाऊक होतं. पण कंपनीचं नाव खराब होत असेल तर त्यांना इलाज नव्हता. मीही तेव्हा तसाच विचार करत होते.

चेकलिस्ट संपली. मी ग्लोव्हज काढले.

"काय सापडलं?" नानांनी विचारलं.

"काही नाही."

त्यांना आनंद झालेला दिसला नाही. ते म्हणाले, "मग मॅडम, एक बर्गर खा. कार्डाप्रमाणे करून देतो."

"मी खाते ना नाना, टेस्टिंगला नेहमीच खाते."

"घासभर खात असाल. पूर्ण कधी खाल्ला होता?"

मी आठवायला लागले. टेस्टिंगमध्ये आम्ही एक तुकडा तोंडात घालतो, गुण लिहितो, पाणी पितो, पुढचा तुकडा. पूर्ण बर्गर, दोन हातांत धरून, भूक लागली म्हणून? बरीच वर्षं झाली असावीत.

कोपऱ्यातल्या टेबलावर बसून मी बर्गर खाल्ला. पहिला घास बरा लागला, कारण सॉस होता. दुसऱ्या घासात पाव. तिसऱ्या घासाला पॅटी टाळूला चिकटली. उकडलेला बटाटा दाताखाली फुटतो. हा फुटत नव्हता, लगद्यासारखा होत होता. चौथ्या घासाला मी पाणी मागितलं. कशातच दोष काढता येत नव्हता, आणि तरी खावंसं वाटत नव्हतं.

तेवढ्यात काउंटरवर आवाज चढला. बाजाराला आलेली एक वयस्कर बाई होती, बरोबर सात-आठ वर्षांची नात. बाईने बर्गर उघडून नानांसमोर धरला होता.

"नाना, यामा बटाटा कोठे शे?"

"अक्का, शे ना. हाऊ काय."

"हाऊ बटाटा शे? पहिले एक लेऊत तं पोर अर्धं खाये, अर्धं मी खाऊ. आते दोन लिधा तरी पोट भरत नही." मग आवाज खाली आणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "खरं सांग. बटाटा घर लई जास का?"

बटाटा घरी नेतोस का, या प्रश्नावर दोन-तीन गिऱ्हाइकं हसली. नाना हसले नाहीत. त्यांनी काउंटरखालून एक रजिस्टर काढलं, तारीख टाकली आणि लिहिलं: पॅटीत बटाटा लागत नाही. बाईंचं गाव लिहिलं. दुसरे दोन बर्गर करून देऊ का, असं विचारलं. बाई नको म्हणाली. नातीचा हात धरून निघून गेली.

नाना माझ्याकडे वळले. "मी बठ्ठं कार्डप्रमाणेच करस, मॅडम." आतापर्यंत माझ्याशी ते शुद्ध बोलत होते. पहिल्यांदाच घरची अहिराणी तोंडात आली. "एकतीस वर्षं पोरांना मोजमाप शिकवलं. या वयात मला चोर म्हणताहेत."

मी रजिस्टर मागून घेतलं. दर आठवड्याला पाच-सहा तक्रारी, प्रत्येक तक्रार जशीच्या तशी. शनिवारी नाना त्या पानाचा फोटो काढून जळगावला मेल करायचे. कार्डाच्या मागच्या बाजूला तसा नियम आहे. तो नियमही मीच लिहिलेला.

परतताना मी गाडी पारोळ्याच्या आउटलेटला थांबवली. तिथल्या मॅनेजरकडे तक्रारींचं रजिस्टर मागितलं. शोधाशोध करून त्याने आणून दिलं. पहिलं पान भरलेलं, बाकी कोरं.

"तक्रारी येत नाहीत?"

"येतात ना मॅडम, रोज येतात. बटाटा नाही, पॅटी लहान झाली. लिहून कोण ठेवतं?"

म्हणजे तक्रारी सगळीकडेच असणार. नियमाने लिहिणारा माणूस एकच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपाटातून आलू बर्गरची फाइल काढली. कार्ड एकदा बदललं की त्याला रिव्हिजन म्हणतात. सात वर्षांत नऊ रिव्हिजन झाल्या होत्या. बटाटा महागला त्या वर्षी निम्म्या उकडलेल्या बटाट्याऐवजी फ्लेक्स आले. फ्लेक्स म्हणजे बटाट्याचा वाळवलेला चुरा, पाणी घातलं की फुगतो. पुढे सगळाच बटाटा फ्लेक्सचा झाला. मग ब्रेडक्रंब वाढले. मटार गेले, त्याजागी सोया आला. पॅटी सत्तर ग्रॅमची पासष्ट झाली, मग साठ, मग बावन्न. मेयोनीजमध्ये तेल कमी आणि स्टार्च जास्त. चीजच्या जागी वनस्पती तेलापासून केलेली पिवळी स्लाइस आली. तिला चीज म्हणता येत नाही, म्हणून मेनूवर 'चीज बर्गर'चा 'चीझी बर्गर' झाला. ते नाव सुचवल्याबद्दल मीटिंगमध्ये माझं कौतुक झालं होतं.

नऊही कागदांवर माझी सही होती. आणि प्रत्येकाला टेस्टचा रिपोर्ट जोडलेला. ती टेस्ट अशी असते: माणसासमोर तीन बशा ठेवायच्या. दोन बशांत एकच पदार्थ, तिसऱ्यात वेगळा. वेगळा कोणता ते ओळखायचं. बारा जण बसवले तर नुसत्या अंदाजानेही चार जणांचं उत्तर बरोबर येतं. आठ किंवा जास्त जणांनी ओळखलं तरच फरक खरा धरायचा. आमच्या नऊही टेस्टमध्ये कधी चार, कधी पाच, एकदा सहा. निष्कर्ष एकच, फरक जाणवत नाही, मंजूर.

रिपोर्ट खोटे नव्हते. मी प्रत्येक वेळी नवीन पॅटीची तुलना आदल्या पॅटीशी केली होती. पासष्टची सत्तरशी, साठची पासष्टशी. पहिल्या पॅटीशी शेवटच्या पॅटीची तुलना कधी केलीच नव्हती. ती गिऱ्हाइकाने केली. त्याला टेस्टची गरज नव्हती, त्याला आठवत होतं.

फाइल मिटून मी खाली किचनमध्ये गेले. शोभाताई आमच्या हेड कुक. भडगावच्या. कंपनी सुरू झाली त्या दिवसापासून आहेत.

"शोभाताई, पहिल्या कार्डाची पॅटी करायची आहे."

"कशाची करू? बटाटे कुठे आहेत?"

खरंच नव्हते. बटाट्याचे हजारो बर्गर विकणाऱ्या आमच्या किचनमध्ये अख्खा बटाटा नव्हता. साल काढायचं मशीन भिंतीला लागून होतं, त्यावर खोके रचलेले. शोभाताईंनी बाजारातून दहा किलो बटाटे मागवले, उकडले, हाताने कुस्करले. मटार, आलं, मिरची, कोथिंबीर. कार्ड मी वाचत होते, पण त्या ऐकत नव्हत्या. त्यांना पाठ होतं.

दुपारी ऑफिसातल्या बारा जणांना टेस्टला बसवलं. हेमंतशेठनाही बोलावलं. वजनावरून ओळखू येऊ नये म्हणून दोन्ही पॅटींचे सारख्या आकाराचे तुकडे केले. बशांवर फक्त कोड नंबर.

बाराही जणांनी ओळखलं. दोघांनी तर तिसरी बशी न चाखताच लिहून टाकलं.

हेमंतशेठनी पेन खाली ठेवलं आणि वेगळ्या बशीतला उरलेला तुकडा खाल्ला. "कोणाचा आहे हा? भुसावळला त्या दुसऱ्या कंपनीने नवीन आउटलेट उघडलंय, त्यांचा?"

"आपला आहे. पहिल्या वर्षीचा."

त्यांनी बशी पुढे ओढून कोड नंबर बघितला. मग म्हणाले, "नानाचा रिपोर्ट?"

"त्यांच्याकडे एकही चूक नाही. कार्डात आहे ते त्यांनी केलं. चूक कार्डात आहे. कार्ड माझं आहे. तसं मी रिपोर्टमध्ये लिहिलंय."

"एकटीच्या नावावर कशाला घेता? मीच म्हणायचो किंमत वाढवायची नाही. गिऱ्हाईक तुटेल या भीतीने."

"किंमत आपण वाढवली नाही सर. बर्गर कमी केला. गिऱ्हाइकाला दोन्ही सारखंच पडलं. फक्त किंमत बोर्डावर दिसते, हे दिसत नाही. म्हणून त्याला वाटतं आपण लपवलं."

"आणि लपवलंच की आपण," हेमंतशेठ म्हणाले. त्यांच्याकडून मला हे अपेक्षित नव्हतं.

पण ते धंदेवाले आहेत. सगळं लगेच बदलायला तयार झाले नाहीत. तीन महिने, एकच आउटलेट, धुळे. पहिल्या कार्डाची पॅटी, वाढवलेली किंमत, आणि बोर्डावर स्पष्ट लिहायचं: उकडलेला बटाटा, सत्तर ग्रॅम. जमलं तर पुढे बघू, नाही जमलं तर अ‍ॅग्रीमेंटचा विचार करू. नानांना हे सांगायला मीच पुन्हा धुळ्याला गेले.

"म्हणजे प्रयोग माझ्यावर," नाना म्हणाले.

"तुम्ही प्रत्येक गोष्ट लिहून ठेवता, म्हणून."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "ठीक आहे. पण बोर्डाचं अक्षर मी काढेन. तुमचा पेंटर वेलांट्या चुकवतो."

पहिल्या महिन्यात विक्री घसरली. किंमत बघून लोक परत जायचे, नाना तेही लिहून ठेवायचे. त्यांचा फोन आला की ते शांतपणे आकडे वाचून दाखवायचे. दुसऱ्या महिन्यात घसरण थांबली. तिसऱ्या महिन्यात विक्री पूर्वीपेक्षा किंचित वर गेली. किंचितच, उगाच वाढवून सांगत नाही. तक्रारी यायच्या त्या फक्त किमतीच्या.

नानांचं अ‍ॅग्रीमेंट पाच वर्षांसाठी वाढलं. बाकीच्या आउटलेटमध्ये पॅटी बदलायला वर्ष लागलं. मेयोनीज अर्धवट सुधारलं. चीजचं मात्र मला जमलं नाही. ती पिवळी स्लाइस अजून आहे, आणि 'चीझी' हे नावही.

एक नियम बदलला. आता नवीन रिव्हिजनची तुलना आदल्या कार्डाशी होत नाही, पहिल्या कार्डाशी होते. गेल्या वर्षी खरेदी विभागाने चार बदल सुचवले. चारही नापास झाले. खरेदीचे मॅनेजर माझ्याशी जेमतेम बोलतात. त्यांचं म्हणणं असं की एवढासा फरक कोणाला कळणार आहे. एका वेळी एकच बदल बघितला तर त्यांचं बरोबर आहे. मीही नऊ वेळा बरोबरच होते.