जिथं फोन, तिथं उतरायचं

दादाला ग्लायडरसाठी जीपीएस घ्यायचं होतं आणि माझा त्याला तत्त्वतः विरोध होता. ते उपग्रह अमेरिकेच्या सैन्याचे. कालपरवापर्यंत ते सामान्य माणसाला मुद्दाम थोडी चुकीची जागा दाखवत होते, मग एके दिवशी कृपा झाली आणि खरी जागा दिसायला लागली. ज्यांनी स्वतःच्या मर्जीनं दिलं ते मर्जीनंच काढून घेतील, असं मी जेवताना त्याला सुनावलं. मी तेव्हा कॉलेजात होते. आमच्या घरात असलं बोलणं नवं नव्हतं. बाबा कारखान्यातल्या युनियनचं काम करायचे. उरलेल्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली आणि छापील बाजूवर वाचायला शिकले.

"तुझी पत्रकं ज्या कागदावर छापतात, तो काय कामगारांनी घरी वळलेला असतो का गो?" दादा म्हणाला आणि ताक प्यायला लागला.

दादा वाशिंदच्या एका कारखान्यात फिटर होता. त्यानं आणि दोन सोबत्यांनी मिळून एक जुना ग्लायडर घेतला होता. विमानासारखा नव्हे, ॲल्युमिनियमच्या नळ्यांवर ताणलेलं त्रिकोणी कापड, त्याखाली माणूस पट्ट्यांत पोटावर लोंबकळायचा. थंडी सरली की रविवारी मुरबाडच्या अंगाच्या एका डोंगरावरून तो धावत सुटायचा आणि पायाखालची जमीन संपली की उडायचा. तापलेल्या माळावरची गरम हवा सापडली की घारीसारखा फिरत वर चढायचा. मग वारा नेईल तिकडं. सोबती खालून टेम्पो घेऊन त्याला शोधत फिरायचे.

त्या वर्षी एका रविवारी ते त्याला शोधू शकले नाहीत. तो डोंगरांच्या पायथ्याला कुठल्याशा पाड्याजवळ उतरला होता. तिथं फोन नव्हता. मोबाइल आमच्याकडं नव्हताच, आणि असता तरी तेव्हा हायवे सोडला की तो मुका व्हायचा. पाड्यावरच्या लोकांनी त्याला जेवू घातलं, झोपायला घोंगडी दिली, आणि सोमवारी तो भाजीच्या गाडीतून घरी आला.

वहिनी मुरबाडकडच्या शेतकरी घरातली. ती रडली नाही, भांडली नाही. आंघोळीला पाणी दिलं, वाढलं आणि त्याचं जेवण झाल्यावर म्हणाली, "आता ते पंख विका."

तेव्हा दादानं जीपीएसचा विषय काढला होता. "त्यात आपण कुठं आहोत ते कळतं."

"कुनाला कळतं?"

"मला."

"तुमाला तर आतापन कळत होतं. तुमी तिथंच होतात. मला कोन सांगनार?"

मला माझे उपग्रहांवरचे मुद्दे एकदम लांबचे वाटले, पण मी ते सोडले नाहीत. शेवटी वहिनीनंच तोडगा काढला. यंत्र घ्यायचं, पण निवडताना ती बरोबर येणार. आणि त्यानंतर एकदा जरी अंधार पडेपर्यंत निरोप आला नाही, तरी पंख विकायचे. दादानं मान डोलावली. उडणं सोडायचं म्हणजे काय, हे त्याच्या तोंडाकडं बघून कळत होतं.

मुंबईत मच्छीमार बोटींचं सामान विकणारं एक दुकान होतं. तिथं हातात मावणारी जीपीएस त्यातल्या त्यात स्वस्त मिळायची. आम्ही तिघं गेलो.

"बोट कुठली?" दुकानदारानं विचारलं.

"बोट नाही, ग्लायडर," दादा म्हणाला.

दुकानदारानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "म्हणजे पाण्यात नाही बुडणार, नुसता पडणार."

"यांना तेच सांगते मी," वहिनी म्हणाली.

त्यानं दोन यंत्रं काचेवर ठेवली. एक महाग, नकाशावालं. त्याला दादाचे दोन-तीन पगार लागले असते. दुसरं साधं, करडा पडदा, घरात रेडिओला लागतात तसल्या सेलवर चालणारं. दादाचे डोळे पहिल्यावर. त्यानं ते हातात घेऊन आमचा भाग शोधला. एक रेघ हायवेची, एक रेल्वेची. बाकी सगळं कोरं. सापगाव नाही, शेणवा नाही, मुरबाडच्या बाजूला तर ठिपकासुद्धा नाही.

"यांच्या नकाशात आपण नाहीच," मी म्हणाले, "तर नकाशाचे पैसे कशाला द्यायचे?" माझ्या तत्त्वांचा त्या दिवशी झालेला हा एवढाच उपयोग.

साध्या यंत्रात नकाशा नव्हता, पण आपण जाऊन जागा भरून ठेवता यायची. नाव द्यायला सहा इंग्रजी अक्षरं. मग उडताना त्यातली जागा निवडली की बाण तिची दिशा दाखवायचा, अंतर सांगायचा. आपण जमिनीवरून किती वेगानं सरकतोय तेही दाखवायचा, म्हणजे समोरून वारा असेल तर पोचणार की नाही याचा अंदाज यायचा. ऊन पडलं तरी पडदा वाचता येतो का, हे दादानं दुकानाबाहेर जाऊन पाहिलं. हातमोजा घालून बटणं दाबून पाहिली. साधं घेतलं.

लोकलमध्ये तो उतरायला चांगल्या माळांची नावं आठवू लागला. सगळे भरून ठेवणार होता.

"माळ वरून दिसतात ना तुमाला?" वहिनीनं विचारलं.

"दिसतात की."

"मग ते कशाला भरता? फोन दिसत नाय वरून. फोन कुठं हाय ते भरा."

पुढचे काही रविवार दादा उडाला नाही. यंत्र घेऊन वहिनी आणि मी एसटीनं हिंडलो. एसटीडीचा पिवळा बूथ, फोन असलेलं किराणा दुकान, दवाखाना. प्रत्येक ठिकाणी वहिनी आत जाऊन विचारायची, "रविवारी दुपारी उघडं असतं का?" असेल तरच मी बटण दाबायची. शेणव्याच्या दुकानदारानं आम्हाला टेलिफोन खात्याच्या समजून चहा पाजला आणि लाइन नेहमी बंद पडते ही तक्रार ऐकवली. वहिनीनं ती नीट ऐकून घेतली आणि विचारलं, "आज चालू हाय ना?"

मग दादा उडाला. उतरल्यावर तो घरी फोन करणार आणि सोबती वाटेतल्या बूथवरून आम्हाला विचारून टेम्पो तिकडं नेणार, असं ठरलं होतं. दुपार सरली तरी फोन वाजला नाही. वहिनी तांदूळ निवडत बसली होती, निवडलेलेच पुन्हा. उन्हं कलल्यावर घंटी झाली. उचलायला मीच गेले, पण तिनं रिसीव्हर माझ्या हातातून घेतला.

"शेणवा," दादाचा आवाज मलाही ऐकू येत होता. आवाज रुसलेला. "अजून जाता आलं असतं. काय हवा होती. डोंगरापर्यंत गेलो असतो."

"मग गेलात का नाय?"

"पुढं यंत्रात काही नव्हतं. वळलो."

तिकडं दुकानात कुणीतरी साखर मागत होतं.

"कुठल्या अंगाला जायचं होतं?" तिनं विचारलं. दादानं सांगितलं. तिनं दोन गावांची नावं घेतली. एकात तिच्या मावशीचं घर होतं. "तिथल्या आश्रमशाळेत फोन असंल. रविवारी आमी बघून येतो. तुमी टेम्पो येईस्तो तिथंच थांबा."

तिनं फोन ठेवला आणि मला यंत्राचे सेल आणायला पिटाळलं.